एक्सॉर्सिस्टचा दुसरा भाग: 'आगं, हिची आई कुठाय?'

रात्रपाळी

गेल्या रविवारी आईबरोबर 'एक्सॉर्सिस्ट' (म्हणजे भूत उतरवणारा) या इंग्रजी सिनेमाचा दुसरा भाग पाहिला. १९७७ चा, जॉन बूरमनने केलेला, 'द हेरेटिक'. तेव्हापासून मन लागत नाहीये. एका सिनेमाचं इतकं वाईट का वाटावं हे घरात कुणाला सांगता येईना, म्हणून इथे लिहितेय. दोन्ही भागांची गोष्ट पूर्ण येणार आहे. ज्यांना अजून बघायचे आहेत त्यांनी इथेच थांबा.

मी मिरजेत एका हॉस्पिटलच्या कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी करतात त्या विभागात, टेक्निशियन आहे, १७ वर्षं झाली. पहिला भाग (१९७३, विल्यम फ्रीडकिन) मी बघितला तो रात्रीच्या ड्युटीनंतर, दुपारी, पडदे ओढून, आईच्या शेजारी बसून. आईला इंग्रजी येत नाही. कोण काय म्हणालं ते मी हळू आवाजात सांगत होते. भुताखेताचं काही लावलं की ती एरवी उठून स्वयंपाकघरात जाते. त्या दिवशी मेथी निवडायला घेऊन बसली होती. सिनेमा संपला तेव्हा जुडी तशीच मांडीवर होती, दोरासुद्धा सोडलेला नव्हता.

त्यात एक प्रसंग आहे. लोकांना गरकन फिरलेली मान आठवते, हिरवी उलटी आठवते. मला आठवते ती रीगनची, म्हणजे सैतानाने झपाटलेल्या मुलीची, अँजिओग्राफी. १२ वर्षांची पोरगी विचित्र वागायला लागलीय, आणि डॉक्टरांना वाटतंय की मेंदूच्या टेम्पोरल लोबमध्ये काही तरी खराबी असणार. माणसाचा पहिला सीटी स्कॅन १९७१ साली लंडनमध्ये झाला होता, म्हणजे हा सिनेमा आला तेव्हा ते यंत्र फार थोड्या ठिकाणी पोचलं होतं. मेंदूतल्या रक्तवाहिन्या बघायच्या तर मानेतल्या कॅरोटिड धमनीत थेट सुई घालून डाय (एक्स-रेत दिसणारं औषध) सोडायचा आणि भराभर फिल्म काढायच्या. आम्ही आता जांघेतून किंवा मनगटातून जातो, सगळं समोर स्क्रीनवर दिसतं. मानेत सुई घातलेली मी माझ्या नोकरीत एकदाही बघितलेली नाही. पण ज्यांच्या हाताखाली मी शिकले, त्या आमच्या जुन्या सरांनी उमेदवारीच्या काळात हे केलेलं होतं. ते सांगायचे, सुई बरोबर बसली की रक्ताची चिळकांडी उडायची, आणि ती उडाली की खोलीतली सगळी माणसं श्वास सोडायची.

सिनेमात नेमकं तेच आहे. रक्त उडतं आणि कुणी दचकत नाही. जो तो आपलं काम करत राहतो. मग ते मशीन सुरू होतं, फिल्मच्या प्लेटा बदलणारं, लोखंडी पेटीवर कुणी घण घालावेत तसं. सरांना मी तो तुकडा मोबाइलवर दाखवला होता. आवाज सुरू झाला तसा त्यांनी चष्मा काढून हातात धरला. म्हणाले, "अगदी असाच. सुईला नाही घाबरायचे गं पेशंट, ह्या आवाजाला घाबरायचे."

सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात. पुढे रीगनची आई क्रिस डॉक्टरांच्या टेबलासमोर बसून ओरडते, ८८ डॉक्टर झाले म्हणते, आणि एकालाही सांगता येत नाही. भूत उतरवायची कल्पना काढतात तीही डॉक्टरच! पोरीचा विश्वास बसला तर उपयोग होईल, असं म्हणून. देवाधर्माचं काही न मानणारी ती बाई तिथून उठून पाद्र्याच्या शोधात निघते.

तिथे आई म्हणाली, "इतकी शिकलेली माणसं, आणि त्या बाईला एक जण सांगंना पोरीला काय झालंय ते."

माझ्या धाकट्या भावाला लहानपणी फिट यायच्या. आता तो अगदी व्यवस्थित आहे, पण तेव्हाची तीन वर्षं आईने मिरज, सांगली, पुणे करत काढली. कडेवर पोरगा, पिशवीत रिपोर्टची जाडजूड फाइल. शेजारच्या बाया तिला देवऋषाचा पत्ता द्यायच्या. एकदा ती गेलीही होती, बाबांना न सांगता. हे तिने मला त्या दुपारी, सिनेमा संपल्यावर सांगितलं. त्याआधी कधीच नाही.

आता दुसरा भाग. चार वर्षांनंतरची गोष्ट आहे. रीगन न्यूयॉर्कमध्ये उंच इमारतीच्या टोकावर राहते, गच्चीवर कबुतरं आहेत. एक मानसोपचार केंद्र आहे, सगळं काचेचं, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या खोल्या. तिथे एक यंत्र येतं. दोन माणसांनी डोक्याला पट्टे बांधायचे, समोर दिवा लुकलुकतो, सूं असा आवाज हळूहळू खाली येतो, आणि दोघं एकाच वेळी एकाच आठवणीत शिरतात. एका पट्ट्याने केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंचा जीव धोक्यात येतो, तोच पट्टा तिथे तपासाला आलेला पाद्री स्वतःच्या डोक्याला बांधतो आणि त्यांना सोडवतो.

मी रोज यंत्रांबरोबर काम करते. यंत्राला माणसं का घाबरतात ते मला ठाऊक आहे. त्या दिव्याला कुणीही घाबरणार नाही. त्याला वजन नाही, त्याचा आवाज अंगावर येत नाही, आणि ते चुकत नाही. पहिल्या भागातलं खरंखुरं मशीन काहीच शोधू शकलं नव्हतं, आणि भीती त्यातून आली होती. इथलं हे खोटं यंत्र लावल्याबरोबर उत्तर देतं. सैतानाचं नाव पाझुझू, तो टोळांचा स्वामी, आफ्रिकेत कोकुमो नावाच्या मुलाला त्याने धरलं होतं, रीगनकडे बरं करायची शक्ती आहे म्हणून तो तिच्या मागे आहे. सगळं सांगून टाकलेलं.

आईने अर्धा तास बघितलं. मग मला विचारलं, "आगं, हिची आई कुठाय?"

मी म्हटलं, शूटिंगला गेलीय म्हणतात.

"पोरगी मरता मरता वाचली, आणि ही शूटिंगला?" असं म्हणून ती उठली आणि कुकर लावायला गेली. परत आली नाही. मी एकटीने शेवटपर्यंत बघितला. घर दुभंगतं, टोळ येतात, सगळं होतं. माझं लक्ष आईच्या प्रश्नापाशीच राहिलं होतं.

मला विचारायचंय ते हे. असं का झालं? पहिला भाग ज्यांच्या हातून झाला त्यांना हे दिसलं नसेल का? आणि तिसरा भाग आहे म्हणतात, तो बघावा का? पुन्हा असं वाटून घ्यायची माझी तयारी नाही.

---

जुना_प्रोजेक्टर

रात्रपाळीताई, तुमच्या आईंच्या प्रश्नाचं सरळ उत्तर आहे. क्रिसचं काम करणाऱ्या एलेन बर्स्टिनने दुसऱ्या भागाला नकार दिला. आई नाही म्हटल्यावर कथेत तिला कुठे तरी पाठवणं भाग होतं. तिच्या जागी सेक्रेटरी शॅरन रीगनजवळ ठेवली.

आणि पहिल्या भागाची माणसं इथे नव्हतीच. फ्रीडकिन नाही, कादंबरी आणि पटकथा लिहिणारा विल्यम पीटर ब्लॅटीही नाही. ब्लॅटीला पहिल्या भागाच्या पटकथेसाठी ऑस्कर मिळालं होतं. १० नामांकनांपैकी दोन मिळाली, एक हे आणि दुसरं ध्वनीसाठी. तुम्ही त्या मशीनच्या आवाजाबद्दल लिहिलंत म्हणून मुद्दाम सांगतोय. फ्रीडकिनने आधी माहितीपट केलेले होते, त्यामुळे डोळ्यांसमोर जे घडतंय तेच टिपायची त्याला सवय. रीगनच्या खोलीत तोंडातून वाफ दिसते ना, त्यासाठी अख्खा सेट मोठ्या एअरकंडिशनरांनी गोठवलेला होता. नट खरोखर कुडकुडत होते.

बूरमन वेगळ्या जातीचा दिग्दर्शक. पहिला भाग आधी त्याच्याकडेच आला होता, आणि एका लहान मुलीचे असे हाल दाखवणं त्याला पटलं नाही म्हणून त्याने तो सोडला. म्हणजे ज्याला मूळ गोष्टच नको होती त्याच्या हातात पुढची गोष्ट गेली. शूटिंग चालू असताना तो फुप्फुसाच्या बुरशीच्या आजाराने, ज्याला तिकडे व्हॅली फीव्हर म्हणतात, इतका आजारी पडला की महिनाभराहून जास्त काम बंद होतं. पटकथा सारखी बदलत होती. लिंडा ब्लेअरने पुन्हा तो सैतानी मेकअप करायला नकार दिला, त्यामुळे त्या जागी दुसरी मुलगी उभी केली. जून १९७७ मध्ये सिनेमा लागला आणि गंभीर प्रसंगांना थिएटरात लोक हसायला लागले. बूरमनने तो लागल्यावर पुन्हा कापला, शेवट बदलला. त्यामुळे दोन वेगवेगळ्या आवृत्त्या सापडतात. तुम्ही कोणती पाहिलीत त्याने फार फरक पडत नाही.

मी स्वतः कोल्हापुरात बरीच वर्षं प्रोजेक्टर चालवला आहे. प्रेक्षक चुकीच्या जागी हसायला लागला की केबिनमध्ये बसलेल्या माणसालाही कसंतरी होतं. बूरमनबद्दल मला त्या एका गोष्टीची कणव वाटते.

---

संत्र्याची_बाग

मी काटोलच्या बाजूचा. भुताचे सिनेमे पाहत नाही, पण टोळांचं नाव वाचलं म्हणून हा पाहिला, आणि बोलल्याशिवाय राहवत नाही.

मे २०२० मध्ये टोळधाड आमच्याकडे आली होती, मध्य प्रदेशातून अमरावतीत आणि तिथून इकडे. लॉकडाऊन चालू, बाहेर चिटपाखरू नाही, आणि दुपारी फोनवर फोन येऊन राहिले होते की येऊन राहिले, येऊन राहिले. आधी वाटलं वावटळ आहे. उजेड पिवळा पडला. मग बांधावरच्या बाभळीवर बसले तर बाभूळ दिसेना, फांद्या वाकल्या. आवाज कसा सांगू, लांबून पाऊस यावा तसा, पण पावसाचा वास नाही. घरची सगळी माणसं, माझी म्हातारी माय धरून, थाळ्या, पिपे, जे हाती लागलं ते बडवत होती. ओला पाला पेटवून धूर केला. संध्याकाळी टोळ बसले की रात्रभर हालत नाहीत, म्हणून फायर ब्रिगेडची गाडी आणून रात्री आणि पहाटे फवारणी केली. एक टोळ दोन ग्रॅमचा, आणि रोज स्वतःच्या वजनाइतकं खातो. दोन ग्रॅम म्हणजे काहीच नाही ना? ते लाखांनी असतात.

सिनेमात तो कोकुमो शास्त्रज्ञ होऊन सांगतो की पंखाला पंख घासला की टोळ पिसाळतात, आणि एक चांगली टोळीण तयार केली की ती थवा शांत करेल. खरं असं आहे की एकटा टोळ गरीब असतो. दाटीवाटीत मागच्या मांडीला दुसऱ्याचा स्पर्श होत राहिला की त्याच्या अंगातलं सेरोटोनिन वाढतं आणि काही तासांत त्याची वागणूक बदलते, मग तो कळपात शिरतो. हे शास्त्रज्ञांना खूप नंतर कळलं. म्हणजे सिनेमावाल्याची कल्पना फार चुकलेली नव्हती, याचं मला नवल वाटलं.

पण ताई, मला एकही टोळ खरा वाटला नाही. पडद्यावर ते आभाळातून येतात तेव्हा त्यांच्याखाली कुणाचंच शेत नाही. कुणी थाळी घेऊन धावत नाही. आमच्याकडे पहिला अर्धा तास कोणालाच कळत नव्हतं काय करायचं, माय तर आधी देवापुढे दिवा लावायला गेली आणि मग थाळी घेऊन आली. तुमच्या आईबद्दल वाचलं तेव्हा मला तेच आठवलं.

---

रात्रपाळी

@संत्र्याची_बाग दादा, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. 'आधी दिवा, मग थाळी' इथे तिने मला थांबवलं आणि परत वाचायला लावलं. बाग वाचली का हे तिने विचारलंय.

@जुना_प्रोजेक्टर काका, धन्यवाद. नटी मिळाली नाही हे समजू शकते. पण आई हवी असेल तर दुसऱ्या नटीकडून काम करून घेता येतं, नाही तर तिच्या नसण्याची गोष्ट करता येते. पोरीला पुन्हा काही झालं आणि आई फोनवर आहे, लांबून तिला काही दिसत नाहीये, एवढं जरी असतं तरी मी खिळून बसले असते. इथे आईची जागा रिकामी आहे हे सिनेमाला कळलेलंसुद्धा नाही.

---

पोटोमॅक

मी १९९८ पासून वॉशिंग्टनजवळ राहते. ज्या पायऱ्यांवरून पहिल्या भागात रीगनचं भूत उतरवायला आलेला फादर कॅरस गडगडत खाली जातो त्या जॉर्जटाउनमध्ये आहेत, प्रॉस्पेक्ट स्ट्रीटवरून खाली एम स्ट्रीटपर्यंत, ७५ पायऱ्या. भारतातून पाहुणे आले की त्यांना लिंकन मेमोरियल दाखवते आणि मग हळूच विचारते, अजून एक जागा बघायची का? बहुतेक जण हो म्हणतात. पायऱ्या अरुंद आहेत, एका अंगाला उंच भिंत, दिवसासुद्धा सावली. कॉलेजची मुलं तिथे धावायचा सराव करतात. वर उभं राहून बघितलं तर लक्षात येतं की घर पायऱ्यांपासून बरंच लांब आहे, खिडकीतून उडी मारून माणूस तिथे पोचणारच नाही. शूटिंगसाठी घराला खोटा भाग जोडला होता, खिडकी पायऱ्यांच्या जवळ यावी म्हणून. दुसऱ्या भागात घर आणि पायऱ्या दोन्ही स्टुडिओत बांधले. बघताना मला ते लगेच जाणवलं, कारण त्या पायऱ्यांवर हवा नाही. नदीकडून येणारा वारा नाही.

पण मला वेगळंच लिहायचं होतं. ताई, पहिल्या भागात आया दोन आहेत. दुसरी आई कॅरसची. न्यूयॉर्कमध्ये एका खोलीत एकटी राहते, पायाला बँडेज, रेडिओ लावलेला, मुलाने घर बदल म्हटलं तर नाही म्हणते. मग तिला मनोरुग्णांच्या वॉर्डात टाकावं लागतं, कारण चांगल्या ठिकाणी ठेवायला पैसे नाहीत. मुलगा स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहे आणि पाद्री आहे, आणि दोन्हींचा आईला उपयोग नाही. ती तिच्या खोलीत एकटी मरते. शेवटी सैतान त्याच्याशी कोणाच्या आवाजात बोलतो? तिच्याच. तू मला असं का केलंस, असं विचारतो.

हा प्रसंग मी आता बघू शकत नाही. माझी आई साताऱ्याला होती. शेवटच्या आजारात मी इथून रोज दोनदा फोन करायचे, आणि विमानाचं तिकीट काढलं त्याच्या तीन दिवस आधी ती गेली. इथे अशा कितीतरी जणी आहेत.

दुसऱ्या भागात तपास चालतो तो फादर मेरिनच्या, म्हणजे कॅरसबरोबर विधी करणाऱ्या म्हाताऱ्या पाद्र्याच्या, मृत्यूचा. ज्याने शेवटी पोरीला वाचवायला जीव दिला त्या कॅरसचा जवळजवळ विसरच पडलाय. एक आई शूटिंगला पाठवली, दुसरीची आठवण ठेवणारा मुलगा पुसून टाकला. मग उरलं काय, टोळ.

---

मोरपीस

सगळे एकाच बाजूने बोलत आहेत म्हणून लिहितो. मला दुसरा भाग आवडतो, मनापासून आवडतो, आणि तो चुकलेला आहे हेही मला मान्य आहे.

एकदा तो 'एक्सॉर्सिस्ट'चा भाग आहे हे विसरून बघा. टोळाच्या पाठीवर बसल्यासारखा कॅमेरा आफ्रिकेवरून जातो, खाली मातीची शहरं, कड्यात कोरलेलं चर्च, आणि वर एन्नियो मोरिकोनेचं संगीत, त्यात बायकांचे श्वास आणि ढोल. मार्टिन स्कॉर्सेसीने स्वतः लिहून ठेवलंय की त्याला हा पहिल्यापेक्षा जास्त आवडला. बूरमनला वाईटाची ताकद दाखवायची नव्हती, चांगुलपण कसं पसरतं ते दाखवायचं होतं. रीगन त्या केंद्रात एका मुलीशी बोलते, जी कधी बोललेली नसते, आणि ती मुलगी बोलायला लागते. अवघा दोन मिनिटांचा प्रसंग, यंत्र नाही, सैतान नाही. तो मला पहिल्या भागातल्या कुठल्याही धक्क्यापेक्षा मोठा वाटतो.

रात्रपाळीताई, तुमच्या आई कुकर लावायला गेल्या त्याच्या आधी होता का तो प्रसंग?

---

रात्रपाळी

@मोरपीस, आधीच होता. आणि तुम्ही म्हणता ते खरं आहे, आई त्या प्रसंगाला थांबली होती. "बोलली बघ," असं म्हणाली होती. मी माझ्या रागात ते लिहायचं विसरले, बरं झालं तुम्ही विचारलंत. त्या मुलीची आईसुद्धा तिथेच असते आणि पोरीचा आवाज ऐकते. कदाचित म्हणूनच आईला लगेच रीगनची आई आठवली असेल. हे मला आत्ता लिहिताना सुचतंय.

@पोटोमॅक ताई, कॅरसच्या आईचं मी कधी असं धरून बघितलं नव्हतं. काल रात्री ड्युटीवर तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. आमच्याकडे रात्री ज्या म्हाताऱ्या बाया येतात त्यांच्याबरोबर बऱ्याचदा शेजारी असतात, मुलगा फोनवर. तो विचारतो आत काय चाललंय, आणि आम्हाला एवढंच सांगता येतं की डॉक्टर बोलतील.

तिसऱ्या भागाचं कुणी सांगेल का?

---

जुना_प्रोजेक्टर

बघा. १९९० चा आहे. ब्लॅटीने स्वतःच्या 'लीजन' या कादंबरीवरून स्वतः दिग्दर्शित केलाय, आणि दुसरा भाग झालाच नाही असं समजून केलाय. पहिल्या भागातला पोलीस किंडरमन आता जॉर्ज सी. स्कॉट आहे. सुरुवातीला बराच वेळ तो आणि फादर डायर नुसते गप्पा मारतात, दोन म्हातारे मित्र. बायकोच्या आईने बाथटबमध्ये जिवंत मासा सोडलाय म्हणून आपण आंघोळ करू शकत नाही, असं तो अतिशय गंभीरपणे सांगतो. त्या गप्पांमुळेच पुढचं सोसत नाही. आणि पोटोमॅकताईंसाठी: कॅरस आहे. तोच नट, जेसन मिलर.

शेवट बिघडलाय, आधीच सांगून ठेवतो. शीर्षकात एक्सॉर्सिस्ट आहे आणि सिनेमात भूत उतरवणं नाही, म्हणून स्टुडिओने नंतर एक पाद्री आणि एक विधी घालायला लावला. तेवढा भाग सोडून द्या.

तुम्ही रात्री हॉस्पिटलात काम करता, म्हणून एक विनंती. हा रात्री बघू नका.

आणि 'गहराई' पाहिलाय का? १९८० चा हिंदी सिनेमा, अरुणाराजे आणि विकास देसाई यांचा, लेखनात विजय तेंडुलकर. अंगात येणारी मुलगी पद्मिनी कोल्हापुरे, आणि बाप डॉ. श्रीराम लागू. असल्या गोष्टींवर विश्वास नसलेला बाप लागूंनी करावा, हे बघण्यासारखं आहे. तुमच्या आईला भाषेची अडचणही येणार नाही.

---

रात्रपाळी

आज सुट्टी होती. दुपारी बघितला, दारं-खिडक्या उघड्या ठेवून.

हॉस्पिटलचा तो प्रसंग. मला वाटतं काकांनी मुद्दाम सांगितला नव्हता. कॅमेरा लांबलचक कॉरिडॉरच्या एका टोकाला ठेवलाय आणि हलतच नाही. पलीकडे नर्स टेबलाशी बसलीय. कुठून तरी बारीक कुरकुर येते. ती उठते, खोलीत जाऊन बघते, तर ग्लासमधला बर्फ वितळताना तडकतोय. बस, एवढंच. परत येते. एक पोलीस येतो, जातो. संगीत नाही. किती वेळ नुसतं दारांकडे बघत बसायचं, आणि आपल्याला माहीत आहे की काही तरी येणार आहे. मग ती दार लावून वळते आणि तिच्या मागून पांढरं वस्त्र पांघरलेलं कुणी तरी, हातात मोठी कात्री, भराभर चालत येतं. एक क्षणभर दिसतं. मी ओरडले. आईने माझा दंड धरला, आणि सोडलाच नाही.

त्या बर्फाच्या आवाजाचं मला सांगायचंय. रात्री साडेतीनला कॅथलॅब रिकामी असते तेव्हा असेच आवाज येतात. एसीच्या पाइपचा, एक्स-रेपासून बचावासाठी घालतो तो लेड ॲप्रन खुंटीवरून सरकल्याचा. प्रत्येक वेळी उठून बघावं लागतं, कारण एखाद्या वेळी तो पेशंटचा आवाज असतो. ही गोष्ट ज्याने लिहिली त्याला हे ठाऊक होतं. दुसऱ्या भागात मला हेच मिळालं नव्हतं, आणि आता ते नेमकं कुठे होतं ते कळलं.

शेवटच्या विधीला काकांचं ऐकून मी पुढे ढकलत होते, तर आई म्हणाली थांब, तो पोरगा काय म्हणतोय बघू दे. कॅरसबद्दल. पूर्ण बघितलं. पोटोमॅकताई, तुमच्याबद्दल तिला सांगितलं. तिने तुमच्या आईंचं गाव विचारलं. साताऱ्यात कुठे?

'गहराई' कुठे बघायला मिळेल? आईला लागू फार आवडतात. पुढच्या रविवारी माझी ड्युटी नाही.